चाबी प्रक्रियेत आहे

राज्याची ओळख त्याच्या नद्यांवरून होत नाही, जंगलांवरून होत नाही, भाताच्या वाणांवरून तर मुळीच होत नाही. ती होते त्या राज्याचे कागद किती घट्ट बांधलेले आहेत यावरून. उपसचिव विनोदिनी मॅडमनी हे वाक्य ज्या बैठकीत उच्चारलं, ती बैठक इतिहासात जायला काही हरकत नव्हती. पण वाक्याच्या शेवटी जोर यावा म्हणून त्यांनी शेजारी दोन खुर्च्यांवर ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेवर हात आपटला. कोयंडा निसटला, ट्रंक कलंडली आणि मत्स्यबीज वाटपाच्या अकरा वर्षांच्या नस्त्या सभागृहभर पसरल्या. एक चहाच्या ट्रेमध्ये गेली. बैठकीच्या इतिवृत्तात 'विषयाची मांडणी प्रात्यक्षिकासह झाली' अशी नोंद आहे.

ही गोष्ट मंत्रालय जुन्या शहरातून नव्या रायपुरात हलायचं होतं, त्या वर्षातली. नव्या राजधानीत रस्ते तयार होते, दिवे तयार होते, रस्त्याच्या कडेला झाडं लावण्याचे खड्डे तयार होते. कमी होती ती फक्त माणसांची आणि कागदांची. त्यांपैकी कागद आधी न्यायचे ठरलं.

समन्वय व संधारण विभागाकडे सगळ्यात जास्त ट्रंका होत्या. हा विभाग कशाचा समन्वय करतो आणि कशाचं संधारण करतो हे विचारण्याची पद्धत नव्हती. राज्य वेगळं झालं तेव्हा भोपाळहून जी यादी आली तिच्यात तीनशे अठरा ट्रंका लिहिल्या होत्या. प्रत्यक्षात आल्या तीनशे सतरा. उरलेल्या एका ट्रंकेची चौकशी बारा वर्षं सुरू होती आणि चौकशीचे कागद ठेवायला एक वेगळी ट्रंक मागवण्याचा प्रस्ताव विचाराधीन होता.

सभागृहातल्या त्या प्रात्यक्षिकानंतर परिपत्रक निघालं. मूळ परिपत्रक हिंदीत होतं. मराठीत आणताना त्याची भीती थोडी कमी झाली आहे. सारांश असा की प्रत्येक ट्रंकेला 'सुरक्षा पट्टा बंधन युक्ती, प्रकार दोन' लावल्याशिवाय ती जागची हलणार नाही. ही युक्ती म्हणजे चार बोटं रुंदीचा नायलॉनचा पट्टा. आत पोलादी तार गुंफलेली, टोकाला बक्कल, बक्कलाला खटका. खटका ओढला की 'टक्' आवाज होतो आणि पट्टा एक दात घट्ट होतो. पुन्हा ओढला की आणखी एक दात. सैल करायला चाबी लागते.

पट्टे पंडरी बाजारातल्या एका पुरवठादाराकडून आठ दिवसांत आले, कारण पट्टा 'कापड व तत्सम' या शीर्षाखाली मोडतो. चाबी 'लोखंडी सामान' या शीर्षाखाली मोडते. तिची निविदा वेगळी काढावी लागणार होती. ती प्रक्रियेत होती.

आता अनंतराव. अनंतराव बोरकर, सहायक ग्रेड दोन, मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरीला बत्तीस वर्षं. समता कॉलनीत भाड्याचं घर, घरात कांताबाई आणि मुलगी पिंकी. त्यांना नव्या राजधानीत सरकारी क्वार्टर मिळालं होतं आणि घर हलवायचं होतं. टेम्पोवाला सगळं सामान न्यायला तयार झाला, पण कांताबाईंची लग्नातली ट्रंक पाहून त्यानं हात जोडले. ही उचलायला चार माणसं लागतील आणि आपल्याकडे दोन आहेत, असं त्याचं म्हणणं.

"तीत गाद्या नाही का भरल्या?" अनंतरावांनी विचारलं.

"चादरी हायेत, कुकर हाय, पापडाचं लाटणं हाय, रजया हायेत," कांताबाई म्हणाल्या. "अन् पोट्टीचे कागद हायेत, मूळ. मार्कशीट, जातीचा दाखला, निवासाचा दाखला. सगळ्यात खाली ठेवले. चोर शिरला त वरचंच नेते ना, खालचं कोण पाह्यते?"

पिंकीनं सहायक ग्रेड तीनची लेखी परीक्षा दिली होती, तिसऱ्यांदा. निकाल यायचा होता. मूळ कागद तळाशी जाण्याचं कारण तेच होतं.

दुसऱ्या दिवशी अनंतरावांनी ही अडचण शेजारच्या टेबलावरच्या यशदीपला सांगितली. यशदीप वयानं लहान, पण कार्यालयाचं ज्ञान त्याच्याकडे जास्त.

"दादा, काहून टेन्शन घेऊन राहिले?" तो म्हणाला. "आपले ट्रक रोज तिकडंच जाऊन राहिले ना. तुमचं क्वार्टर रस्त्यातच हाय. ड्रायव्हरले सांगतो, उतरवून देईल. मॅडमचा झुला गेला, 'फर्निचर, संकीर्ण' म्हणून. सायकली गेल्या, कूलर गेले. तुमची ट्रंक त ट्रंकच हाय. ट्रंकेत ट्रंक, कोण पाह्यते?"

अनंतराव सज्जन माणूस. बत्तीस वर्षांत त्यांनी कार्यालयातून फक्त टाचण्या, कार्बन पेपर आणि पिंकीच्या शाळेसाठी रजिस्टरं एवढंच नेलं होतं. त्यांना थोडं अवघड वाटलं. पण ट्रंक जड होती, मन त्यामानानं हलकं. ट्रंक सायकलरिक्षानं कार्यालयात आली.

ट्रकजवळच्या पहारेकऱ्यानं ती अडवली. पट्टा नाही, क्रमांक नाही, ट्रंक जाणार नाही.

इथं अनंतरावांकडून चूक झाली, आणि ती त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून झालीच नसती. बत्तीस वर्षांत त्यांनी एकही वस्तू जावक क्रमांकाशिवाय दाराबाहेर जाऊ दिली नव्हती. दुसऱ्या कोणी खडूनं एखादा आकडा ठोकून दिला असता. अनंतरावांनी रजिस्टर उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि तीनशे अठरा हा क्रमांक रिकामा आहे असं पाहिलं. रिकामी ओळ पाहिली की ते बेचैन व्हायचे. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: विषय, संकीर्ण, पृष्ठे, अंदाजे, स्थिती, बंद. मग उरलेला एकमेव पट्टा घेतला, ट्रंकेभोवती आवळला आणि खटका ओढला. मुलीचे कागद आत होते म्हणून अकरा वेळा ओढला.

ड्रायव्हरला क्वार्टरशी थांबायचं होतं. पण क्वार्टर रस्त्याच्या पलीकडे आणि रस्त्याच्या मधोमध दुभाजक. दुभाजकाला पहिला छेद चार किलोमीटर पुढे, थेट मंत्रालयाच्या फाटकासमोर. फाटक उघडंच होतं. ट्रक आत गेला, ट्रंका उतरल्या, कक्ष क्रमांक दोनशे पंधरामध्ये रचल्या गेल्या आणि यादीशी मोजल्या गेल्या.

तीनशे अठरा.

पुन्हा मोजल्या. तीनशे अठरा. राज्य झाल्यापासून पहिल्यांदा यादी आणि वस्तू यांचा मेळ बसला होता. बारा वर्षांपूर्वी हरवलेली ट्रंक सापडली, असा अहवाल विनोदिनी मॅडमनी त्याच दुपारी वर पाठवला. वरून प्रशंसापत्र आलं. चौकशी 'यशस्वी' असा शेरा मारून बंद झाली. अनंतराव त्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते.

तिसऱ्या दिवशी पिंकीच्या नावानं पत्र आलं. ती पास झाली होती. सहा जागा, अकरा हजार उमेदवार, पिंकी चौथी. अडीच महिन्यांनंतरच्या अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागदपत्रं दाखवायची. न दाखवल्यास निवड रद्द आणि जागा प्रतीक्षा यादीला. ठिकाण: मंत्रालय, समन्वय व संधारण विभाग, कक्ष क्रमांक दोनशे चौदा.

"पापा, ये तो आप ही का डिपार्टमेंट है," पिंकी म्हणाली. "फिर क्या टेंशन?"

अनंतरावांनी त्या वेळी कपाळाला हात लावला नाही, एवढंच त्यांच्याविषयी सांगता येईल.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमसमोर उभे राहिले. मॅडम मूळच्या अमरावतीच्या, त्यामुळे मराठी माणसाला नाही म्हणताना त्या मराठीत म्हणत.

"मॅडम, ट्रंक क्रमांक तीनशे अठरा जरा उघडावी लागेल."

"का?"

"आत काय आहे ते पाहायला."

"रजिस्टरमध्ये काय लिहिलंय?"

"संकीर्ण."

"मग संकीर्ण आहे," मॅडम म्हणाल्या. "बोरकर, संकीर्ण हा सगळ्यात नाजूक विषय असतो. त्यात काहीही निघू शकतं. त्यातून ती बारा वर्षांनी सापडलेली ट्रंक. आणि चाबी कुठे आहे?"

"प्रक्रियेत आहे, मॅडम."

"मग तुम्हाला ठाऊक असताना मला का विचारता?"

चाबीच्या प्रक्रियेचं असं झालं होतं की निविदेला एकच पुरवठादार आला. एकटा आला म्हणून निविदा रद्द झाली. दुसऱ्यांदा तोच आपल्या मेहुण्याला घेऊन आला. मग दोघांच्या चाब्या तंतोतंत सारख्या निघाल्या म्हणून संगनमताचा संशय आला. एकाच बक्कलाच्या चाब्या वेगळ्या कशा असतील, अशी शंका एका कनिष्ठ लिपिकानं काढली. त्याची बदली झाली.

तरीही चाबी यथावकाश आली असती. पण महिन्याच्या शेवटी विभागाचा मासिक गोषवारा तयार करताना एक गोष्ट ध्यानात आली. नियमाप्रमाणे प्रलंबित प्रकरण म्हणजे जी नस्ती उघडली आहे पण निकालात निघालेली नाही ती. सगळ्या नस्त्या ट्रंकेत होत्या, ट्रंकांना पट्टे होते. उघडलेली नस्ती एकही नव्हती. म्हणजे प्रलंबित प्रकरणं शून्य. चुकीचे निर्णय शून्य. नस्ती गहाळ होण्याचे प्रकार शून्य. अख्ख्या मंत्रालयात असा गोषवारा कोणाचा नव्हता. इतर विभागांनी विचारणा केली, पट्टे कुठून घेतले. दोन जिल्ह्यांतून अधिकारी कक्ष दोनशे पंधरा पाहायला आले. सुशासन पुरस्कारासाठी विभागाचं नाव गेलं आणि चाबीच्या नस्तीवर शेरा पडला, की तूर्तास चाबीची निकड सिद्ध होत नाही.

"पोरीच्या कागदांच्या दुसऱ्या प्रती काढून घ्या ना," यशदीप म्हणाला.

अनंतराव शिक्षण मंडळाच्या कार्यालयात गेले. गुणपत्रिकेची दुसरी प्रत मिळते, पण मूळ हरवल्याची पोलीस ठाण्याची नोंद लागते. ते ठाण्यात गेले.

"कब गुमा?" हवालदारानं विचारलं.

"गुमा नहीं है. मंत्रालय में है."

"तो मिल गया है?"

"मिल गया है. मिल नहीं रहा है."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. हरवलेल्या वस्तूची नोंद होते, सापडलेल्या वस्तूची होते. जागेवर असलेल्या वस्तूची ठाण्यात नोंद करायची सोय नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. त्याचा स्वभाव चांगला होता. खोटं सांगा, रिक्षात राहिली म्हणा, असंही त्यानं सुचवलं. पण अनंतराव सरकारी कर्मचारी. सरकारी ट्रकमधून घरची ट्रंक पाठवणं वेगळं आणि पोलिसांना खोटं लिहून देणं वेगळं, अशी त्यांची एक सीमारेषा होती. ती नेमकी कुठून जाते हे त्यांनाच ठाऊक.

मग यशदीपच्या सांगण्यावरून पिंकीनं माहितीच्या अधिकारात अर्ज केला: ट्रंक क्रमांक तीनशे अठरामध्ये असलेल्या, पिंकी अनंतराव बोरकर हिच्या कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. तिसाव्या दिवशी उत्तर आलं. मागितलेली माहिती पिंकी अनंतराव बोरकर या त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती असल्यानं तिच्या संमतीशिवाय देता येत नाही. पिंकीनं स्वतःची संमती जोडून अपील केलं. उत्तर आलं, की संमती देणारी पिंकी आणि माहिती मागणारी पिंकी या एकच असल्याची खात्री व्हावी म्हणून दहावीची मूळ गुणपत्रिका जोडावी.

"मम्मी, मैं ही थर्ड पार्टी हूँ," पिंकी म्हणाली.

"मंग दुसरी कोन हाय?" कांताबाईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

अठ्ठावीस तारखेला नऊ दिवस राहिले तेव्हा अनंतरावांनी बत्तीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. त्यांनी खरं लिहिलं. पांढऱ्या कागदावर, तीन परिच्छेदांत: ट्रंक माझी आहे, सरकारी ट्रकनं पाठवली ही माझी चूक आहे, योग्य ती शिक्षा करावी आणि मुलीचे कागद द्यावेत.

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. दार लावून घेतलं.

"बोरकर, तुम्हाला कळतंय का हे काय लिहिलंय? ट्रंक तुमची असेल तर तीनशे अठरावी ट्रंक सापडलेली नाही. सापडलेली नाही तर चौकशी पुन्हा उघडेल. उघडली की एक प्रकरण प्रलंबित. पुरस्कार पुढच्या आठवड्यात आहे. आणि ट्रक तपासायला बसले तर..." मॅडम थांबल्या. त्यांना बहुधा झुला आठवला.

"पण मॅडम, पोरीची नोकरी..."

"पोरीचं मलाही वाईट वाटतं. माझ्या भाचीसारखी आहे. पण रजिस्टरमध्ये तुमच्याच अक्षरात ती ट्रंक शासनाची आहे. शासनाच्या वस्तूवर कर्मचारी हक्क सांगतो, याला काय म्हणतात माहीत आहे ना? मला तुम्हाला कारणे दाखवा नोटीस काढावी लागेल. त्यापेक्षा एक करा. हे मागे घ्या."

"काय मागे घेऊ?"

"हे. जे खरं लिहिलंय ते."

अनंतरावांनी सत्य मागे घेण्याचा अर्ज लिहिला. त्याला ठरावीक नमुना नव्हता, म्हणून त्यांनी रजेच्या अर्जाचा नमुना वापरला आणि 'घरगुती कारणास्तव' असं कारण दिलं. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. विभागाच्या इतिहासातला तो सर्वांत जलद निर्णय मानला जातो.

कांताबाईंनी हे सगळं पोळ्या लाटता लाटता ऐकलं.

"मी येऊ का ईळा घेऊन? दोन मिनिटांत कापतो तुमचा पट्टा."

"अगं, सरकारी पट्टा आहे. त्याला नंबर आहे. तार आहे आत."

"अन् पोट्टीले नंबर नाही? चवथा हाय तिचा."

अठ्ठावीस तारीख उजाडली. नव्या राजधानीत बस कमी, म्हणून तिघं सकाळी सातलाच निघाले आणि कार्यालय उघडायच्या आधी दीड तास पोचले. कांताबाईंनी चार पुडांचा डबा आणला होता.

कक्ष दोनशे चौदामध्ये विनोदिनी मॅडमच बसल्या होत्या. त्यांच्या टेबलावर दोन पाट्या. एकीवर 'पडताळणी अधिकारी', दुसरीवर 'ट्रंक अभिरक्षक (अतिरिक्त कार्यभार)'. इतर पाच उमेदवार आले, कागद दाखवले आणि गेले. पिंकीचा नंबर आला.

"मूळ कागदपत्रं?"

पिंकीनं मॅडमच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "मैम, उधर हैं. दीवार के उस तरफ."

"पडताळणी अधिकारी म्हणून मी तुझी अडचण समजू शकते," मॅडम म्हणाल्या. "कागद विभागाच्या ताब्यात आहेत असं अभिरक्षकांचं पत्र आण. तेवढ्यावर मी करीन."

"अभिरक्षक कौन है?"

मॅडमनी पहिली पाटी आडवी केली आणि दुसरी पुढे ओढली. "बोला."

अनंतरावांनी पुन्हा सगळं सांगितलं. मॅडमनी तितक्याच सहानुभूतीनं पुन्हा सगळं ऐकलं.

"अभिरक्षक म्हणून मला ट्रंकेत काय आहे ते उघडल्याशिवाय लिहून देता येत नाही. उघडायला चाबी नाही. पडताळणी अधिकाऱ्यांना विनंती करा, त्या समजूतदार आहेत." त्यांनी पाट्या पुन्हा बदलल्या आणि घड्याळ पाहिलं. "पाचपर्यंत वेळ आहे."

दुपारचा दीड वाजला. मॅडम जेवायला उठल्या. अनंतराव आणि पिंकी बाकावर बसून राहिले. मघापासून पिंकी तेच पत्र पुन्हा पुन्हा वाचत होती, जणू पुढच्या वेळी त्यात दुसरं काही लिहिलेलं निघेल. कांताबाई डबा घेऊन उठल्या आणि शेजारच्या दारातून आत गेल्या. दोनशे पंधराच्या दाराशी कलावतीदीदी स्टुलावर बसलेली असे. ती भृत्य, म्हणजे शिपाई, तिचं काम ट्रंका जागेवर आहेत की नाहीत ते पाहणं.

"इथं बसून जेवू का वं बाई?"

"हव, बइठ ना दीदी," कलावती म्हणाली.

दोघींनी मिळून डबा संपवला. झुणका कलावतीला आवडला. बोलता बोलता कांताबाईंनी विचारलं, यात माझी ट्रंक कुठी हाय. कलावतीनं दाखवलं, खालून पहिली, खिडकीशी, रोज दुपारी ती त्याच ट्रंकेला पाठ टेकवून बसायची.

कांताबाईंनी ट्रंकेभोवती एक चक्कर मारली. पट्ट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कलावतीच्या मदतीनं वरच्या दोन ट्रंका बाजूला सरकवल्या आणि आपली ट्रंक आडवी केली, मग उलटी. तळाला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता. गंज लागून तळ सडला तेव्हा, पिंकी पोटात असताना, कांताबाईंनी तो स्वतःच्या हातानं ठोकला होता. पत्र्यावर अजून शेंगदाण्याचं चित्र दिसत होतं. त्यांनी डब्याच्या चमच्याचा दांडा पत्र्याखाली घातला. चार खिळे निघाले. हात आत घातला. सगळ्यात खाली ठेवलेलं होतं, म्हणून सगळ्यात आधी हाताला लागलं: प्लास्टिकची फाइल, तिच्यात गुणपत्रिका, जातीचा दाखला, निवासाचा दाखला. पत्रा पुन्हा बसवला, डब्याच्या तळानं खिळे ठोकले, ट्रंक सरळ केली, वरच्या दोन ट्रंका जागेवर गेल्या.

कलावतीनं वाकून पट्टा तपासला. ते तिचं काम होतं.

"पट्टा त नइ टूटे हे," ती म्हणाली आणि स्टुलावर जाऊन बसली.

तीन वाजून दहा मिनिटांनी पिंकीनं मूळ कागदपत्रं टेबलावर ठेवली. कागदांना डांबरगोळीचा वास येत होता. मॅडमनी कागदांकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग कांताबाईंकडे.

"मूळ आहेत?"

"मूळच हायेत."

"आले कुठून?"

अनंतरावांनी तोंड उघडलं. कांताबाईंनी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

"घरच्या ट्रंकेतून," त्या म्हणाल्या.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी 'मूळ प्रती पाहिल्या' असं लिहून सही केली, उठून शेजारच्या कक्षात गेल्या, दुसऱ्या पदाच्या अधिकारात तीनशे अठरा ट्रंका मोजल्या, पट्टे पाहिले आणि 'सर्व शाबूत' अशी दुसरी सही केली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, पण कलावतीनं झुणक्याबरोबर ही युक्तीही चारजणांना सांगितली. विभागात अशी पुष्कळ माणसं होती ज्यांना एखादी नस्ती खरोखर हवी होती: कोणाच्या जमिनीचा निकाल, कोणाच्या शाळेची मान्यता. आठवडाभरात ट्रंका तळाकडून उघडू लागल्या. महिन्याभरानं परिपत्रक निघालं. पट्टा अखंड असणं आवश्यक आहे. तळाबाबत नियम मौन आहेत. सबब निकडीच्या प्रकरणी 'अधस्तल प्रवेश' अनुज्ञेय राहील, मात्र प्रवेशानंतर पट्टा शाबूत असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं. विभागाला पुरस्कार तोवर मिळाला होताच. पुढच्या वर्षासाठी नव्या ट्रंका मागवल्या तेव्हा त्या तळाशिवायच मागवाव्यात अशी सूचना आली, म्हणजे खर्च वाचेल. पट्टे मात्र दुपटीनं मागवले.

पिंकी रुजू झाली. तिची नेमणूक कक्ष दोनशे पंधरामध्ये झाली. अनंतरावांनी पहिल्याच आठवड्यात हळूच विचारलं, की थंडी आली आहे, रजया आणि कुकर तेवढा काढून देतेस का.

"आवेदन दे दो ना पापा," पिंकी म्हणाली. "और रजिस्टर में ये एक लाइन कोरी किसने छोड़ी है?"

अनंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी कामाला लागली होती.

पेढे वाटायला नवरा-बायको समता कॉलनीत आले, जुन्या शेजाऱ्यांकडे. बाबाराव रेल्वेतून निवृत्त झालेले, पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, सर्वांत जाणते. त्यांनी पेढा खात खात सगळी हकिकत ऐकली. इथपर्यंत वाचलेल्या सुजाण माणसाला जेवढा संताप आला असेल तेवढाच त्यांनाही आला. अनंतरावांवर थोडा, मॅडमवर जास्त, यंत्रणेवर सगळ्यात जास्त.

"हे असं हाय पाहा," बाबाराव म्हणाले. "झुला सरकारी ट्रकमधून, ट्रंक सरकारी ट्रकमधून. लोकाईले सरकारी वस्तू म्हंजे आपल्या बापाची वाटते. माणसाची नियतच साफ नाही, त पट्टे लावून काय होते? मी छत्तीस वर्षं रेल्वेत काढले. एक गोष्ट सांगतो, देश असा चालत नसते."

बैठकीतल्या सगळ्यांनी 'हव, हव' म्हणून माना हलवल्या. त्या हलवण्यासारख्याच होत्या. सगळ्यांना आपापल्या जागी अगदी स्वच्छ वाटलं.

बाबाराव अनंतरावांना फाटकापर्यंत सोडायला आले. कांताबाई पुढे निघाल्यावर त्यांनी अनंतरावांचा हात धरला आणि आवाज खाली आणला.

"अनंतराव, पुढच्या हप्त्यात आमी तिरुपतीले जाऊन राहिलो. गाडीत सामानाचा काही भरवसा नाही. त्या नव्या आलेल्या पट्ट्यातला एखादा उरला असंल, त ठेवजा बरं बाजूले. दोन असले त अजूनच बरं, जावयाची बॅग पण हाय."